टापू चालते

नदी इतिहास लिहिते आणि बेट तो जपून ठेवतं. हे वाक्य मी बालाघाटच्या एका कॉलेजात बत्तीस वर्षं म्हटलं. भूगर्भशास्त्राच्या पहिल्या तासाला म्हणायचो, खिडकीबाहेर बघत, आणि पहिल्या बाकावरची मुलं ते वहीत उतरवून घ्यायची. परीक्षेत ते कधी विचारलं गेलं नाही. मी ज्या एकाच बेटाला जवळून ओळखत होतो, ते वर्षातले चार महिने पाण्याखाली असायचं आणि गावात त्याला बेट कोणी म्हणत नसे. टापू म्हणत.

गेल्या ऑगस्टमध्ये मी त्या टापूवरून गेलो. वरून म्हणजे अगदी वरून, डोंग्यात बसून. डोंगा कुंती चालवत होती. ती ढिवरांच्या, म्हणजे नदीवरच्या कोळ्यांच्या घरची, माझ्याहून दोन वर्षांनी लहान; आम्ही दोघंही साठी ओलांडलेली. समोरच्या फळीवर खनिज कचेरीतले निरीक्षक बसले होते. तरुण, नम्र, नारिंगी लाइफ जॅकेटमध्ये. मांडीवर प्लास्टिकची फाइल. फाइलमध्ये कुंतीचा अर्ज होता. अर्जात मागणी एकच: आमचा टापू अर्धा खणून नेला, उरलेल्या अर्ध्यावर मशीन लावू नका, तिथे आमची टरबुजाची वाडी असते, यंदाही लावू द्या. साहेब मौक्याची पाहणी करायला आले होते. अर्ज चैत्रात दिला होता. पाहणी 'लवकरात लवकर' करण्याचा हुकूम होता.

"कहाँ है?" साहेबांनी विचारलं.

"तुमच्या खाली," कुंती म्हणाली.

साहेबांनी जरा पाय आखडून घेतले.

आमच्या गावापाशी एक लहान नदी वैनगंगेला मिळते. नकाशात तिला नाव आहे, गावात नाही. गावात ती नुसती नदी, आणि वैनगंगा म्हणजे गंगा. लहान नदी डोंगरातून येते, उकव्याच्या बाजूच्या, म्हणून येताना काळे गोटे घेऊन येते. मँगनीजचे. ते हातात धरले की बोटं काळी होतात. शाळेत पाटीची पेन्सिल हरवली की आम्ही त्या गोट्यांनी दगडावर अक्षरं काढायचो. मुखाशी आली की नदीची घाई संपते. गंगा समोर आडवी उभी असते, पुरात तर ती हिलाच मागे ढकलते, आणि ही बिचारी जे काही डोक्यावर घेऊन आलेली असते ते सगळं तिथेच टाकते. आधी गोटे, मग जाड रेती, मग बारीक रेती, शेवटी मळी. लग्नघरी निरोप घेताना बायका दारातच अर्धा तास बोलतात, तसं तिचं मुखाशी चालायचं.

तिथेच एक काळा दगड आहे. पात्राच्या मधोमध, म्हशीच्या पाठीएवढा उघडा, खाली किती ते कोणाला माहीत नाही. पाणी त्याच्यावर आपटून दोन बाजूंना फाटतं आणि मागच्या आडोशाला रेती बसते. त्या रेतीचा टापू. दगडाकडे बोथट, खाली शेपटीकडे निमुळता. टरबुजाच्या बीसारखा. मी पुढे पुस्तकात या आकाराचं शास्त्रीय नाव वाचलं; ते इतकं लांब होतं की त्यापेक्षा बी बरी.

त्या रेतीला वास होता. कोजागिरीनंतर पाणी उतरायचं तेव्हा पहिले आठ दिवस सडक्या काशगवताचा, शेवाळाचा, मेलेल्या शिंपल्यांचा. मग उन्हाने तो वास उडायचा आणि खालून दुसरा यायचा, ओल्या मडक्यासारखा. दुपारी रेती तापली की तिच्यातला अभ्रक चमकायचा आणि घरी आलो की पायांच्या पोटऱ्या चंदेरी दिसायच्या. आई न्हाणीपाशीच अडवायची. "टापू घरात आणू नका," म्हणायची. तरी उन्हाळाभर आमच्या अंथरुणात टापू असायचा.

टापूवर पहिलं पाऊल देवकाबाईचं. कुंतीची आई. हा नियम कोणी केला होता माहीत नाही, पण तिच्याआधी कोणी उतरत नसे, पोरंसुद्धा नाही. ती एकटी डोंग्यातून जायची, दगडाला हात लावायची आणि अनवाणी काठाकाठाने चालायची. दर काही पावलांवर टाच रोवून भोक पाडायची आणि त्याकडे बघत उभी राहायची. भोकात पाणी किती वेळात भरतं ते ती श्वासांवर मोजायची. लवकर भरलं तर रेती कच्ची. भरलंच नाही तर कोरडी, तिथे वेल जळणार. मधलं काही तरी असलं की ती मान हलवायची आणि इकडे काठावर आम्ही सगळे ओरडायचो, "पिकली! रेती पिकली!"

मग खड्डे. ओल लागेपर्यंत खणायचं, कंबरभर, कधी त्याहून खोल. तळाशी शेणखत, राख, मळी. घट्ट दाबायचं. बिया तोवर तिच्या कमरेला असायच्या, ओल्या फडक्यात गुंडाळून, पदराखाली. तीन दिवस ती त्या तशाच वागवायची, झोपतानाही. अंगाच्या उबेने मोड येतात. त्या तीन दिवसांत ती भांडायची नाही. एरवी तिचं तोंड गावाला माहीत होतं.

"तीन दिस झाले की मंग पाहतो तुले," असं ती कोणाला म्हणाली, की तो माणूस चौथ्या दिवशी शेतावर जायचा.

माझे बाबा गावचे पटवारी. सरळ माणूस. चहासुद्धा घेत नसत, निदान कामावर असताना. भादव्यात ते पीकपाहणीला निघायचे तेव्हा छत्री, वही आणि मी, असा सरंजाम असायचा. बांधाबांधाने जायचं, धान कोणाचं, तूर कोणाची, ते लिहायचं. शेवटी आम्ही नदीच्या काठावर यायचो. समोर दोन्ही पाणी एक झालेलं असायचं, लाल आणि करडं, मधे एक शिवण. बाबा दोन मिनिटं त्या पाण्याकडे बघायचे. मग वहीत लिहायचे: नदी. पाण्याखाली. कब्जा निरंक.

ते खरंच होतं. भादव्यात तिथे कोणाचा कब्जा असेल तर मगरीचा.

उन्हाळ्यात बाबा टापूवर यायचे, पण पटवारी म्हणून नाही, पाहुणे म्हणून. पहिलं टरबूज उतरायचं त्या दिवशी देवकाबाई निरोप धाडायची. काळ्या दगडावर फोडायचं. चाकू नाही, विळा नाही. दोन्ही हातांनी उचलून आपटायचं. पहिला तुकडा गंगेला, दुसरा लहान नदीला, तिसरा बाबांना. फुटल्याचा तो आवाज, धप्प नाही, कडक नाही, मधलाच काही तरी, अजून माझ्या कानात आहे. दगड गरम असायचा आणि रस त्याच्यावर पसरला की गोड वाफ यायची. टिटव्या ओरडत असायच्या, कारण त्यांची अंडी जवळच रेतीत असायची आणि कुंती त्यांच्याभोवती काट्या रोवून ठेवायची, कोणाचा पाय पडू नये म्हणून.

एका वर्षी तुकडा हातात देताना देवकाबाई म्हणाली, "पटवारीजी, एक डाव आमचं नाव लिहून टाका ना कागदावर. माह्या सासूपासून हाये वाडी."

बाबा बिया थुंकत म्हणाले, "देवका, रेतीवरचं लिहिणं टिकते काय?"

सगळे हसले. बाबांना विनोद क्वचित जमायचा, त्यामुळे जास्तच हसले. मीही हसलो, तोंडात टरबूज होतं. देवकाबाई पण हसली, पदर तोंडाला लावून. कुंती हसली नाही, पण तिचं लक्ष टिटवीकडे होतं, असं मी तेव्हा धरून चाललो.

मी पुढे शिकायला सागरला गेलो. सुट्टीत आलो तो हातोडी, होकायंत्र आणि भरपूर ज्ञान घेऊन. देवकाबाईला मी दगडाचं वय सांगितलं. तिने विचारलं, "तुले कोणं सांगतलं?" मी म्हणालो, दगडच सांगतो. ती म्हणाली, "मले तं कदी नाही बोलला."

मी टापूचा नकाशा काढत होतो. फीत धरायला कुंती. दुसऱ्या दिवशी देवकाबाई माझ्या खुंट्यांकडे बोट करून म्हणाली, "बाबू, हे कायले गाडून राह्यला? टापू चालते."

"दगड कसा चालेल, बाई?"

"दगड राह्यते. टापू चालते. दर साली चार पावलं. मी बी चालतो त्याच्यासंगं."

ती बरोबर होती. वरचा काठ झिजतो, खालच्या शेपटीला नवी रेती चिकटते; टापू दगडाला धरून खाली सरकत राहतो, कासरा ओढलेल्या बैलासारखा. मला हे प्रबंधाच्या दुसऱ्या वर्षी समजलं. देवकाबाईचे खड्डेही त्याच्याबरोबर सरकत होते आणि मागच्या वर्षीचे खड्डे नव्या रेतीखाली गाडले जात होते. मी प्रबंधात हे निरीक्षण घातलं, 'स्थानिकांच्या मते' असं म्हणून. नकाशा छान झाला. कणांचे आकार, प्रवाहाची दिशा, काळा दगड आडव्या रेघांनी. नकाशाला नाव द्यायचं होतं. कुंतीने धरलेल्या फितीची मापं वापरून, जिच्या घरचा भात खाऊन मी ती मापं घेतली तिच्या वाडीच्या नकाशावर, मी सुंदर अक्षरात लिहिलं: 'नदीमुखीचं निर्जन वालुका-द्वीप.'

भूगर्भाच्या नकाशात माणसं दाखवत नाहीत. तशी पद्धतच आहे. त्या नकाशाला बक्षीस मिळालं. एका मान्यवरांनी नारळ फोडून प्रदर्शनाचं उद्घाटन केलं आणि भाषणात मला भूमिपुत्र म्हणाले. भूमी पाण्याखाली होती. जुलै महिना होता.

देवकाबाई गेली त्या वर्षी मी परगावी होतो. वाडी कुंतीने धरली. टरबूज लामत्याच्या बाजाराला जायचं, पहिला तुकडा दोन्ही नद्यांना जायचा आणि तिसरा तुकडा, कुंतीने एकदा सांगितलं, ती दगडावर तसाच ठेवायची. मी विचारलं नाही कोणासाठी. बाबाही तोवर नव्हते.

आणि या चैत्रात तिचा फोन आला. "भाऊ, मशीन आली. टापू कापून राह्यले. तुमी दगडाचे मास्तर हाये, येऊन पाहा एक डाव."

मी गेलो. शेपटीकडचा अर्धा टापू नव्हता. वेल उपटून बाजूला टाकले होते, फळं लिंबाएवढी. जिथे कापलं होतं तिथे रेतीची उभी भिंत होती, दोन पुरुष उंच, ताजी, अजून ओल सुटत असलेली. वास तोच, ओल्या मडक्याचा. आयुष्यभर मी अशा भिंतींसमोर मुलांना उभं करून शिकवलं, थर वाचा म्हणून. आता मी उभा होतो आणि कुंती मला वाचून दाखवत होती.

"हे पाहा भाऊ. हा मायचा गड्डा. हा बी. हा माहा पयला."

पिवळ्या रेतीत काळ्या वाट्या दिसत होत्या. प्रत्येक वाटी म्हणजे एका वर्षाचा खड्डा, उभा चिरलेला: तळाशी राख, शेण, मळी, मग त्यावर पुराची रेती, मग चार पावलं पुढे आणि थोडी वर पुढच्या वर्षीची वाटी. पायऱ्यांसारख्या. एकीत टरबुजाच्या बिया होत्या, काळ्या पडलेल्या. मी मोजत खाली गेलो. सत्तावीस झाल्या, पुढे पाणी लागलं. देवकाबाईचं नाव बाबांनी लिहिलं नाही, मी लिहिलं नाही, ते नदीने दर वर्षी लिहून ठेवलं होतं. त्या क्षणी मला माझं वर्गातलं वाक्य आठवलं आणि लाज वाटली, की ते खरं निघालं.

मी फोटो काढले. अहवाल लिहिला, पाच पानी, सहीशिक्क्यासह. कुंतीचा अर्ज वर, अहवाल खाली. कचेरीत तेव्हा एका टेबलावरच्या बाईंनी फोटो नीट पाहिले आणि म्हणाल्या, "बहुत सुंदर है सर. डिज़ाइन है क्या?" भिंत चार दिवसांत ट्रकांतून गेली. सत्तावीस वर्षांची नोंद आता जिल्ह्यातल्या कुठल्या तरी स्लॅबमध्ये असेल. घरं मजबूत झाली असतील. शेणखताचं सांगता येत नाही.

तर ऑगस्ट. डोंगा दोन पाण्यांच्या शिवणीवर डुलत होता. पावसाने चार दिवस उघडीप दिली होती तरी पाणी भरपूर होतं. निरीक्षक साहेबांनी फाइल उघडली.

"सर, रेकॉर्ड में तो शुरू से पानी है. ये देखिए, पुराने पटवारी की एंट्री." झेरॉक्सवर बाबांचं अक्षर होतं. नदी. पाण्याखाली. कब्जा निरंक. अनेक सालांचं, एका खाली एक, सारखंच टपोरं. मी त्यांना सांगितलं नाही की त्या वेळी छत्री मी धरली होती.

"ये भादो की एंट्री है," मी म्हणालो. "वाडी तो जाड़े में लगती है, गर्मी तक."

"जी सर. लेकिन ये भी है." त्यांनी आदराने दुसरा कागद काढला. इतक्या आदराने, की मी तो ओळखण्याआधीच घाबरलो. माझा नकाशा होता. रेतीच्या ठेक्याच्या फाइलला आधार म्हणून जोडलेला. आडव्या रेघांचा काळा दगड, बाणांनी दाखवलेला प्रवाह आणि वर सुंदर अक्षरात ते नाव. "आपने ही लिखा है सर. निर्जन."

वल्ह्यावरून पाणी ठिबकत होतं.

"काय लिवलं हाये, भाऊ?" कुंतीने विचारलं. तिला वाचता येत नाही.

"टापूवर कोणी राहत नाही, असं."

"कोणं लिवलं?"

"मी."

"फीत तं मी धरली होती," ती म्हणाली. एवढंच. मग साहेबांकडे वळून, "काहून साहेब, आता काय लिवता?"

"जो दिख रहा है वही लिखूँगा, अम्मा. पानी."

तिने वल्हं आत घेतलं. पुढे पाण्यात एक भोवरा गुळगुळीत फिरत होता, तिथे काळा दगड. तिने डोंगा त्याच्या आडोशाला आणला, बांबू उचलला आणि सरळ खाली सोडला. कंबरेएवढा बुडाला आणि थांबला. ठक्क नाही, सुर्र. रेतीत शिरल्याचा आवाज. मी तो कुठेही ओळखेन.

"धरा," म्हणून तिने बांबूला वेढलेला दोर माझ्या हातात दिला आणि लुगडं खोचून डोंग्याच्या काठावरून पाय खाली सोडला.

"अरे अम्मा! क्या कर रही हो!" साहेब उठले, डोंगा कलला, ते बसले.

कुंती गंगेच्या पात्रात उभी होती. मधोमध. पाणी कंबरेपर्यंत, दोन्ही बाजूंनी फाटून जाणारं, दगडाला जातं तसं. तिने एक पाऊल टाकलं, मग दुसरं. मग थांबून एका पायावर भार दिला आणि मला कळलं की ती टाच रोवते आहे. भोकात पाणी किती वेळात भरतं ते आता दिसणार नव्हतं. तरी ती श्वास मोजत उभी राहिली, तिची आई राहायची तशी, मान खाली घालून.

"पिकली काय गं?" मी विचारलं.

"अजून नाही," ती म्हणाली. "कार्तिकात पिकन." आणि साहेबांना, "लिवा साहेब. मी कोठी उभी हाये, ते लिवा."

साहेब चांगला माणूस होता. त्याने लिहिलं. डोंग्यातच पंचनामा झाला. मी साक्षीदार म्हणून सही केली, तिने डोंग्यात चढून ओल्या अंगठ्याने निशाणी केली, ती जरा पसरली. मी वाचून पाहिलं. 'मौके पर टापू नहीं पाया गया. पानी पाया गया. पानी में एक महिला खड़ी पाई गई, जिसने अपना नाम कुंती बताया.' इतक्या वर्षांच्या कागदांत त्या जागेवर माणूस असल्याची ती पहिलीच ओळ होती. काठावर उतरताना कुंतीने मला ती दोनदा वाचायला लावली.

या आठवड्यात मी पुन्हा काठावर गेलो होतो. कोजागिरी झाली, पाणी उतरतंय, सडक्या काशाचा वास सुटलाय. काळ्या दगडामागे रेतीचा पिवळा पट्टा वर येतो आहे, अर्धाच, बी मधून तुटल्यासारखा. काठावर मशीन आणून लावली आहे, ताडपत्री घालून. कुंती घरी होती. कमरेला फडकं बांधलेलं होतं. मी विचारलं नाही आणि ती भांडली नाही.

मला कचेरीचं उत्तर तिला वाचून दाखवायचं होतं. अर्ज निकाली काढला आहे. खाली एकच शेरा आहे: पावसाळ्यात नदीपात्रात उभं राहणं धोक्याचं असल्यामुळे अर्जदारास समज देण्यात यावी.